लोकलची सुई कमी दुखावी म्हणून

एकतीस वर्षं मी घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. डावा हात पेशंटचा असायचा.

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मायनर ओटीत, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत, मी सिस्टर होते. शेवटची सात वर्षं धंतोलीतल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये काढली. टाके, गळू, नखुरडं, पायात मोडलेला काटा, पाठीवरची चरबीची गाठ, अशी सगळी लोकल, म्हणजे तेवढीच जागा सुन्न करायची सुई, देऊन जागेपणी करायची कामं. पेशंट भीतीने गार पडलेला असतो, डॉक्टर म्हणतात, "थोडं टोचेल बरं का," आणि मग तो हाताला लागेल ते धरतो. बहुतेक वेळा ते माझं डावं मनगट असायचं.

त्या पकडीवरून डोळे मिटून सांगता आलं असतं की आज सुई कोणाच्या हातात आहे. तीच बाटली, तीच २६ नंबरची सुई. एका डॉक्टरच्या पेशंटची पकड दहा-पंधरा सेकंदांत सैल व्हायची आणि तो मला पोरीच्या लग्नाचं सांगायला लागायचा. दुसऱ्याच्या पेशंटची नखं संध्याकाळपर्यंत माझ्या हातावर उमटलेली असायची. या दुसऱ्याचे टाके पहिल्यापेक्षा सुबक, हे मान्य. पण लोकल देणं हे त्याच्या लेखी काम नव्हतंच, कामाआधीची कटकट होती.

काटोलकडचा एक शेतकरी एकदा टेबलावर झोपल्या झोपल्या म्हणाला होता, "सिस्टर, हे सुन्न करायची सुई आधी सुन्न करून द्या ना जी!" सगळे हसले. त्याचं म्हणणं मात्र अगदी बरोबर होतं, आणि ते बरंचसं जमतंही.

हे लिहिते आहे ते नव्या इंटर्न पोरापोरींसाठी आणि टेबलावर झोपणाऱ्यांसाठी. पेशंटने डॉक्टरांचा भाग जरूर वाचावा, म्हणजे काय मागायचं ते कळेल. घरच्या घरी कोणी कोणाला सुई द्यावी म्हणून हे नाही. एवढं सांगायची गरज पडू नये, पण आपल्याकडे पडते.

आग कशाची होते

सुई कातडीतून जाते ते क्षणभर टोचतं. पेशंट ओरडतो तो बहुतेक त्यानंतर, औषध आत ढकललं जातं तेव्हा.

लोकलचं नेहमीचं औषध म्हणजे लिग्नोकेन. लिडोकेन म्हणतात तेही हेच, आणि झायलोकेन हे त्याचंच बाजारातलं नाव. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये बनवलं, आणि त्यांच्या जोडीच्या बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी स्वतःच्याच अंगावर टोचून पाहिलं. इंटर्नना मी ही गोष्ट मुद्दाम सांगायचे. बनवणाऱ्याने आधी स्वतः सोसलं, तर देणाऱ्याने निदान एकदा विचार करावा.

हे औषध बाटलीत टिकावं म्हणून आम्लधर्मी ठेवलेलं असतं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. आपल्या अंगातल्या पाण्याचा पीएच ७.४. साधं लिग्नोकेन ६ च्या आसपास. ज्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं (रक्त कमी यावं म्हणून) ते तर आणखी खाली, बरेचदा ४ च्या जवळ. चार म्हणजे किती आंबट? आपल्या संत्र्याच्या रसाइतकं, जवळपास. संत्र सोलताना रसाचा थेंब डोळ्यात उडाला की काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको, आणि इथे तर रसाएवढं आंबट पाणी कातडीखाली भरायचं असतं.

दुसरं कारण ताण. कातडीखाली जागा नसते. तिथे एकदम दोन एमएल घुसवलं की आतले तंतू फाटायला आल्यासारखे ताणले जातात. म्हणून जिथे कातडी हाडाला किंवा कुर्चेला घट्ट चिकटलेली असते, म्हणजे नाकाचा शेंडा, तोंडातली टाळू, बोटाचं टोक, तळवा, तिथली सुई सगळ्यात वाईट. दंडावर, पोटावर, मांडीवर तीच सुई निम्म्यानेही लागत नाही.

औषध गार असेल तर त्यात भर पडते. यातून जे निघतं ते सोपं आहे. आंबटपणा मारा, गारवा काढा, आणि ढकलायची घाई करू नका. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

बाटली फोडल्यापासून

मी औषध भरून द्यायचे तेव्हा एक सवय होती. बाटलीच्या रबरी बुचातून ज्या सुईने औषध ओढलं, ती सुई पेशंटला लावायची नाही. बुचात घुसून तिचं टोक बोथट होतं. ओढायला जाड सुई, गुलाबी बुडाची १८ नंबरची चालते. टोचायला बारीक. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे पेशंटना उलट वाटतं. तपकिरी बुडाची २६ आपल्याकडे सगळीकडे मिळते, करड्या बुडाची २७ आणि पिवळ्या बुडाची ३० त्याहून बारीक. छोट्या तिळाला किंवा चामखिळीला इन्शुलिनची सिरिंज मस्त काम करते. बारीक सुईचा आणखी एक फायदा असा की तिच्यातून औषध जोरात ढकलताच येत नाही. घाई करणाऱ्या डॉक्टरला मी गुपचूप ३० नंबरची लावून द्यायचे. कधी कोणी विचारलं नाही.

आंबटपणा मारायला सोडा बायकार्ब, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचं इंजेक्शन. नऊ एमएल लिग्नोकेनमध्ये एक एमएल, असं साधं प्रमाण आहे. आपल्याकडचे अँप्यूल बहुधा साडेसात टक्क्यांचे असतात. अ‍ॅड्रेनलिनवाल्या औषधात फरक जास्त जाणवतो, कारण तेच जास्त आंबट. मिसळलं की लगेच वापरायचं, सकाळी भरून दुपारसाठी ठेवायचं नाही. गढूळ दिसलं तर फेकायचं. आणि ब्युपिवाकेन या बधिर करायच्या दुसऱ्या औषधात हा प्रयोग करू नका, ते पटकन फाटतं, म्हणजे साका होतो. आमच्या ओटीत इमर्जन्सी ट्रॉलीवर सोडा बायकार्ब कायम पडून असायचं, पण लोकलमध्ये घालायचं म्हटलं की रेसिडेंट माझ्याकडे असं पाहायचे जणू मी भाजीत साखर घालायला सांगितली.

गारव्याचं म्हणाल तर अ‍ॅड्रेनलिनवाली बाटली बरेचदा फ्रिजमध्ये असते. तिथून काढून तशीच टोचली की पेशंटला दोनदा झोंबते, एकदा आंबटपणाने, एकदा थंडीने. बाटली पाच-सात मिनिटं मुठीत धरायची, किंवा पेशंटची हिस्ट्री घेईस्तोवर खिशात टाकायची. अंगाइतकी ऊब पुरे. गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, बुच घाण होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळची ओटी असेल तर इथे फ्रिजबाहेरची बाटलीसुद्धा बर्फासारखी लागते. मेअखेरच्या नवतप्यात उलटी तऱ्हा. कूलर बंद पडलेला, खिडकीत ठेवलेली बाटली हाताला चटका देते. तेव्हा ऊब द्यायचा प्रश्न नसतो, पण उन्हातान्हात ठेवलेलं अ‍ॅड्रेनलिन खराब होतं. अशी बाटली घेऊच नका.

माझं बोट

आता खरी गोष्ट, हाताची. ती मला माझ्याच बोटांनी शिकवली.

पहिल्यांदा उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. रात्रभर ठणका. एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरने मी उभी असतानाच अंगठा पकडला, सुई सरळ सुजलेल्या टोकात घातली आणि दाबली. मी भिंतीला टेकले ते आठवतं. "झालंच, झालंच," असं तो म्हणत होता. हेच दोन शब्द मी तोवर किती लोकांना म्हटले असतील! त्यांची किंमत काय असते ते त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी ते कधी उच्चारले नाहीत.

दुसऱ्यांदा संक्रांत होती. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या तारेला नायलॉन मांजा अडकलेला. बंदी आहे म्हणतात, पण दर जानेवारीत नागपूरच्या कॅज्युअल्टीत बोटं, गाल आणि गळे चिरलेले लोक येतातच. मी शहाणी, एवढे टाके पाहिलेली, तो मांजा हाताने ओढायला गेले. पलीकडून कोणीतरी "ओ काट!" म्हणत हिसका दिला आणि उजवी तर्जनी मधल्या पेरावर आतपर्यंत चिरली.

या वेळी टाके घालणारा डॉक्टर कधीकाळी आमच्याकडे इंटर्न होता. त्याने मला आधी आडवं केलं. "मॅडम, तुम्हाला चक्कर येत नाही हे माहीत आहे, तरी पडा." बरोबर होतं त्याचं. उभ्याने, बसल्याने सुई घेणारे धडधाकट लोकच जास्त कोसळतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर हमखास. मग त्याने माझा तळहात वर केला आणि बोटाच्या मुळाशी, जिथे बोट तळहाताला मिळतं त्या घडीच्या मधोमध जागा पाहिली. चिरलेल्या जागेला हातही लावला नाही. ती घडी दोन बोटांच्या चिमटीत उचलून धरली, करंगळी माझ्या हातावर टेकवली, अंगठा आधीच सिरिंजच्या दट्ट्यावर ठेवला. सुई सरळ उभी आत. आणि तो थांबला.

इथेच बहुतेकांचं चुकतं. सुई आत गेल्यावर बोटं बदलायची, अंगठा दट्ट्यावर आणायचा, तेवढ्यात सुई आत हलते आणि पेशंट बोंबलतो. त्याची सुई हलली नाही. पहिलं औषध त्याने इतकं कमी सोडलं, पाव एमएल असेल, की मला फक्त चुणचुण झाली. मग मला विचारलं, "गेली का चुणचुण? गेली की सांगा." मी मनात वीस मोजले. गेली म्हटल्यावर त्याने उरलेलं सावकाश सोडलं, एकूण दोन एमएल. मी घड्याळ पाहत होते, सगळं मिळून दोन मिनिटं लागली. टोचणं एकच. त्यानंतर तो सरळ दुसऱ्या पेशंटकडे गेला, सात मिनिटांनी परत आला आणि मग चिमट्याने बोट टोचून पाहिलं. मला काही कळलं नाही.

तीच रीत मोठ्या जागेला अशी लावायची. पहिला थेंब कातडीच्या अगदी खाली, सुई उभी. तिरपी घातली की कातडीतून लांबचा प्रवास होतो आणि वाटेत दुखणं कळवणाऱ्या जास्त नसा भेटतात. थेंब कातडीच्या आत भरून संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आणणं लवकर बधिर करतं खरं, पण ते फार दुखतं. जरा खाली, चरबीत सोडा. चुणचुण जाईपर्यंत थांबा. मग एक-दोन एमएल त्याच जागी, सुई न हलवता. नंतर सुई पुढे सरकवायची ती औषधाच्या मागे मागे. औषध पुढे पसरत जातं, जागा फुगते, पांढरी पडते, आणि सुई त्या बधिर झालेल्या भागातच चालते. सुईचं टोक फुगवट्याच्या एक सेंटिमीटर मागेच ठेवायचं. पुन्हा टोचायची वेळ आली तर पांढऱ्या पडलेल्या भागाच्या आतून टोचा, बाहेरून नाही. हातावर काम असेल तर खांद्याकडच्या बाजूने सुरू करून बोटांकडे या, कारण नस वरून खाली येते. वर बधिर केली की खालचं आपोआप सोपं होतं. आणि दर नव्या जागी आधी दट्ट्या जरा मागे ओढून पाहा, रक्त आलं तर जागा बदला.

कॅनडात डोनाल्ड लालोंड नावाचे हाताचे सर्जन आहेत. ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात की पेशंटला विचारा, किती वेळा दुखलं. गोल्फमधल्यासारखे गुण द्यायचे. पहिलं टोचणं सोडून पुढे काहीच जाणवलं नाही तर "एका फटक्यात". गोल्फ मला कळत नाही, पण पेशंटला मोजायला लावायची कल्पना मी लगेच उचलली. आमच्या इंटर्नमध्ये चुरस लागली. ज्याचा आकडा जास्त, त्याने त्या दिवशीचा चहा पाजायचा. महिनाभरात चहा पाजणारे बदलले.

याच मंडळींनी बोटाला अ‍ॅड्रेनलिन देऊ नये हा आमच्या काळचा दंडक मोडीत काढला. पण तो निर्णय तुमच्या सीनियरचा. बोटातलं रक्त आधीच नीट फिरत नसेल तर विषयच नको. अ‍ॅड्रेनलिन दिलं की छाती धडधडते, हे पेशंटला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो समजतो हार्ट अटॅक आला.

चिमटा, बर्फ आणि फाटक

लागलेल्या जागेवर आपण हात चोळतो ना, त्याला अर्थ आहे. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक फाटक लागतं. स्पर्शाचा, दाबाचा, थरथरीचा निरोप त्या फाटकात आधी गर्दी करतो आणि दुखण्याचा निरोप अडकतो. रेल्वे फाटक पडलं की अँब्युलन्सही थांबते, तसं.

म्हणून सुईच्या शेजारची कातडी चिमटीत धरा, हलवा, नखाने जवळच हळू खाजवा. काही ठिकाणी थरथरणारं छोटं यंत्र लावतात. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून पिशवीत घालून शेजारी धरलेलाही मी पाहिला आहे, आणि पेशंट हसला, तेही कामाला आलं.

बर्फ स्वस्तातला उपाय. हातमोज्याच्या एका बोटात पाणी भरून गाठ मारून फ्रीजरमध्ये टाकायचं, बर्फाची बारीक कांडी तयार होते. टोचण्याआधी दीड-दोन मिनिटं त्या जागेवर धरायची, नंतर पुसून, स्पिरिट लावून, ते वाळू देऊन लगेच टोचायचं. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की तेही झोंबतं. बर्फ जास्त वेळ नको. मधुमेहाच्या पायाला तर नकोच.

अवघड जागा

स्वच्छ कापलेली ताजी जखम असेल तर सुई बाहेरच्या चांगल्या कातडीतून न घालता जखमेच्या कडेतून आत घाला. निम्मं दुखणं तिथेच वाचतं. मातीने भरलेल्या जखमेला मात्र नाही.

तळव्यात काटा मोडला की लोक म्हणतात तिथेच द्या. नका देऊ. घोट्यामागे, आतल्या बाजूने नस जाते तिथे दिलं की तळव्याचा बराच भाग बधिर होतो. ज्याला येतं त्यानेच करावं. टेबलावर सहा फुटी माणूस रडताना मी फक्त तळव्याच्या सुईला पाहिला.

गळूबद्दल पेशंटची तक्रार असते की लोकल दिलं तरी कापताना दुखलं. हा नेहमी डॉक्टरचा दोष नसतो. पू झालेल्या जागी आंबटपणा इतका असतो की लिग्नोकेनला तिथे नीट कामच करता येत नाही. सुजलेल्या मांसात न देता सभोवती, चांगल्या कातडीतून रिंगण करून द्यायचं, आणि जास्त थांबायचं. तरी थोडं कळणारच. ते आधी सांगितलेलं बरं. फार मोठं किंवा खोल असेल तर लोकलचा हट्ट सोडावा.

दाताच्या डॉक्टरकडे टाळूची सुई कुप्रसिद्ध. तिथे आधी बधिर करणारं जेल किंवा स्प्रे लावून एक-दोन मिनिटं खरोखर थांबलं, मग आरशाच्या दांडीने किंवा कापसाच्या बोळ्याने टाळू दाबून धरली आणि दाब न सोडता शेजारी सुई घातली, थेंब थेंब सोडलं, तर ती सोसते. बहुतेक वेळा जेल लावतात आणि दहा सेकंदांत पुसतात. मग ते लावलं कशाला?

लहान पोरं

आई-बाप सांगतात, "बाळा, काही दुखत नाही, मुंगी चावेल." पोर मुंगीची वाट पाहतं आणि भलतंच येतं. पुढच्या वेळी ते ओटीच्या दारातूनच किंचाळतं. मी सांगायचे, "आधी टोचेल, मग आग होईल, मी दहापर्यंत मोजेन, तोवर कमी होईल." पोरं मोजणीवर विश्वास ठेवतात.

वेळ असेल, म्हणजे ठरवून करायचं काम असेल, तर लिग्नोकेन आणि प्रिलोकेनची मलम मिळते, आपल्याकडे प्रायलॉक्स नावाने. जाड थर लावायचा, वर चिकट पारदर्शक पट्टी लावायची आणि पूर्ण एक तास ठेवायची. वीस मिनिटांत पुसून "काही फरक नाही" म्हणणारे फार. उघड्या जखमेवर लावायची नाही, आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही. त्यातल्या प्रिलोकेनने बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन वाहणारा भाग बिघडू शकतो.

पोराला आडवं दाबून धरू नका, आईच्या मांडीवर घ्या. ट्रे, सुई, चिमटे नजरेआड. सक्करदऱ्याचा एक सात-आठ वर्षांचा पोरगा मांज्याने हनुवटी कापून आला होता. मी त्याला म्हटलं, सुई दिसली नाही तरी मी खूण केली की जेवढा लांब ओढता येईल तेवढं "ओऽऽ काट" ओरड, श्वास संपेपर्यंत. तो ओरडला, डॉक्टरने तेवढ्यात पहिला थेंब सोडला. बाहेर थांबलेला त्याचा बाप घाबरून आत आला, तो भाग वेगळा.

टेबलावर झोपण्याआधी

पेशंटने काय करायचं? पहिलं, बोलायचं. नागपुरात डॉक्टरपुढे माणूस "हो जी, हो जी" करतो आणि बाहेर येऊन शिव्या देतो. त्याऐवजी आत असतानाच म्हणा, "सर, लोकल जरा हळू द्याल का? मला घाई नाही." कोणताही डॉक्टर यावर रागावत नाही, आणि रागावला तर त्याला माझं हे लिहिलेलं दाखवा. "बारीक सुई आहे का?" हेही विचारा. चक्कर येत असेल तर आधीच सांगा, झोपूनच देतील.

छोट्या कामाला उपाशी यायची गरज सहसा नसते. उपाशी राहायला सांगितलं नसेल तर काहीतरी खाऊन या. मे महिन्यात उन्हातून उपाशीपोटी आलेला माणूस सुई पाहण्याआधीच पडतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, हृदयाचा त्रास, गरोदरपण, पूर्वी सुईने काही झालं असेल ते सगळं सांगा. "मला लोकलची अ‍ॅलर्जी आहे" असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण मागे फक्त चक्कर येऊन पडलेले असतात. पण ते ठरवणं डॉक्टरचं काम, लपवू नका.

वजनही सांगा, विशेषतः पोराचं. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, एकूण ३०० च्या वर नाही. अ‍ॅड्रेनलिनवाल्याची ७, एकूण ५००. दोन टक्क्यांच्या बाटलीत एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ५० किलोच्या बाईला साधं सुमारे ११ एमएल, आणि १० किलोच्या पोराला फक्त सव्वादोन. "आणखी थोडं द्या, दुखतंय," असा नातेवाइकांचा आग्रह चालला असताना हा हिशोब ओटीत कोणीतरी डोक्यात ठेवला पाहिजे. मोठी जागा असेल तर सलाइन मिसळून एक टक्का करा, तेवढ्याने बधिर होतं आणि औषध दुप्पट पुरतं. ओठाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, बोलणं जड, असं काही पेशंट म्हणाला तर ते नखरे समजू नका. हात थांबवा आणि सीनियरला हाक मारा.

सुई देताना पाहू नका. श्वास धरू नका, हळू सोडत राहा. कोणाचा तरी हात धरा. सिस्टरचा धरलात तरी चालेल, पण नखं कापून या.

दिल्यावर लगेच सुरी चालवणाऱ्या डॉक्टरला थांबवायचा हक्क तुम्हाला आहे. लिग्नोकेनला निदान तीन ते पाच मिनिटं लागतात. अ‍ॅड्रेनलिनने रक्त कमी व्हावं असं वाटत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थांबलेलं उत्तम. सरकारी ओटीत बाहेर तीस जण बसलेले असताना हे कसं जमणार, असं इंटर्न विचारायचे. मी सांगायचे, ओळीने तिघांना लोकल देऊन ठेवा आणि मग पहिल्याकडे परत या. एवढंच आहे ते.

घरी गेल्यावर बधिरपणा उतरायच्या आधी दुखण्याची गोळी घ्या, डॉक्टरांनी दिलेली. उतरल्यावर घेतली तर मधला अर्धा-पाऊण तास वाईट जातो. दातासाठी सुई घेतली असेल तर ओठ तीन-चार तास सुन्न राहतो, आणि चावला गेला किंवा भाजला तरी कळत नाही. गोळी पोह्यांवर घ्यायला हरकत नाही. वरची झणझणीत गरम तर्री मात्र रात्री घ्या.